पानथरी

कळव्याच्या हॉस्पिटलात, पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड,
सकाळचे सव्वादहा.
अ‍ॅप्रनच्या खिशात माझ्याकडे एक कार्ड आहे,
लॅमिनेट केलेलं, कडा सुटलेल्या.
शिकवायच्या पाच पायऱ्या त्यावर छापल्यात.
वर्कशॉपला मिळालं होतं, जेवणाच्या कूपनासोबत.
कूपन संपलं, कार्ड राहिलं.

पहिली पायरी: तिचं तिला ठरवू दे.
"निखत, तुझ्या मते काय?"
निखत मुकादम, कौशाहून येते, रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष,
रात्रभर म्हाताऱ्या हातांवर शिरा शोधून
डोळे तांबारलेले.
"सर, लिव्हर वाटतंय. स्प्लीन नाही लागत."

दुसरी: कशावरून?
इथे गप्प बसायचं असतं.
मनात पाच मोजायचे.
तीनवरच माझी जीभ शिवशिवते.
माझे सर एकवरही थांबत नसत,
केसपेपर भिरकवायचे, तो जायचा खाटेखाली
आणि आम्ही आठही जण एकदम वाकायचो उचलायला.
तोंड लपवायला तेवढीच जागा.
चार.
पाच.
"बरगडीखाली हात ठेवला, सर. हाताला काहीच आलं नाही."

खाटेवर हसुराम भोईर, दिवा गाव.
पोट उघडं, लुंगी नीट खोचलेली, नजर पंख्यावर.
चौदा वर्षं दर परीक्षेला येतात.
आधी शंभर मिळायचे, आता तीनशे आणि जेवण.
या वेळी मात्र परीक्षा नसताना आलेत.
माझ्या प्रॅक्टिकलला
बाहेरचे परीक्षक खिडकीपाशी चहा घेत होते तेव्हा
यांनीच डोळ्यांनी बेंबी दाखवली होती.
मी पास झालो.
हे कुठल्या पायरीवर लिहायचं?

तिसरी: नियम सांग, पण एकच.
मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले,
"पोरी, खालशीन ये. पानथरी हाय ती, पलून नाय जात."

निखतचे कान लाल. मी फक्त पुढचं जोडलं:
उजव्या जांघेपाशी सुरू कर, तिरपी वर ये.
लहान असेल तर बरगडीशी भेटते.
मोठी असेल तर तिच्यावरच हात ठेवून
आपण सांगतो, काही नाही.
बोटं खुपसू नकोस.
ते श्वास घेतील, ती येईल.

निखत तळवे एकमेकांवर घासते.
जांघ. श्वास. दोन बोटं वर. श्वास.
बेंबीच्या खालीच तिचा हात थबकतो.
"सर, कड! आणि ही खाच!"

चौथी: बरोबर काय केलं ते नेमकं सांग,
नुसतं 'छान' पुरत नाही.
"हात लावायच्या आधी विचारलंस, दुखतंय का.
गुडघे दुमडायला लावलेस. हे सोडू नकोस."
पाचवी: "न लागणं वेगळं, नसणं वेगळं.
नाही म्हणायच्या आधी कुठून निघालीस ते आठव."
सात मिनिटं. फॉर्मवर खुणा, सही.
पुढची खाट अकरा नंबर.

"वाढली ना?"
हसुरामांची नजर पंख्यावरच.

गेल्या वर्षी बेंबीच्या चार बोटं वर होती.
आज दोन बोटं खाली.
निखतच्या हातात टेप लोंबकळतेय.
ती माझ्याकडे बघते.
कार्डावर सहावी पायरी नाही.
"काका, तपासण्या येऊ देत, मग आपण..."
माझंच वाक्य माझ्या हातून सुटलं,
कारण तिने पायाने स्टूल ओढलं आणि ती बसली.

मी गप्प.
पाच मोजले. मग आणखी पाच.

"हो काका, वाढलीय," ती म्हणाली.
"तुम्हाला काय होतंय, ते सांगा मला."
त्यांनी पंखा सोडला, तिच्याकडे पाहिलं.
"जेवान जात नाय. दोन घासान पोट भरतं.
बायकोला वाटतं, तिच्या हाताची चव गेली."

चौदा वर्षांत शेकडो हात फिरले त्या पोटावर,
माझेही.
हे वाक्य कुठल्याच केसपेपरावर नाही.
मी फॉर्म उलटा केला
आणि कोऱ्या बाजूवर, उभ्यानेच,
लिहून घेतलं.